शाळेंतील दांडगाई : ती ओळखावी कशी व थांबवावी कशी



आजचा धडा क्रमिक पुस्तकांतील नाहीं. तो शाळेच्या ओट्यावरचा, पाण्याच्या टांकीजवळचा आणि घरीं परत येण्याच्या वाटेवरचा आहे. मूल शाळेंत घातलें, दप्तर दिलें, अंगावर धड कपडा दिला, म्हणजे आपलें कर्तव्य झालें. पुढचें मास्तर पाहतील, असें पुष्कळ आईबापांस वाटतें. परंतु मास्तरांची पाठ फिरली कीं मुलांचें एक निराळेंच राज्य सुरू होतें. त्या राज्यांत कांहीं मुलें राजे असतात, कांहीं त्यांचे शिपाई असतात, आणि एखादें मूल असें असतें कीं, त्याला त्या राज्यांत दिवस काढणें कठीण होऊन जातें. त्या मुलाविषयीं हा लेख आहे. उपदेशक व शिक्षक बंधुभगिनींनीं तो पालकांच्या बैठकींत वाचून दाखवावा, आणि शेवटीं दिलेल्या प्रश्नांवर सर्वांस मोकळेपणानें बोलूं द्यावें.

१. एक आठवण

मी लहानपणीं एका वसतिगृहांत राहून शिकलों. तेथें आम्ही सुमारें चाळीस मुलगे होतों. त्यांत एक मुलगा बोलतांना अडखळत असे. पहिल्याच आठवड्यांत त्याचें खरें नांव मागें पडलें आणि ‘तोतऱ्या’ हें नांव त्याला चिकटलें. रात्रीं दिवे मालवण्यापूर्वीं मोठ्या मुलांपैकीं तिघे त्याला पाण्याच्या माठापुढें उभा करीत आणि म्हणत, “आपलें नांव, बापाचें नांव आणि गांवाचें नांव न अडखळतां सांग, मग पाणी पी.” तो जितका घाबरे तितका अधिक अडखळे, आणि तो जितका अडखळे तितके आम्ही अधिक हंसूं.

मीं त्याला कधीं हात लावला नाहीं. त्या नांवानें त्याला कधीं हांकही मारली नाहीं. मी फक्त हंसलों. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आला नाहीं. हजेरीपटांत त्याच्या नांवापुढें ‘शाळा सोडली’ एवढा शेरा पडला. कां सोडली, हें कोणीं लिहिलें नाहीं. कारण कोणीं विचारलेंच नाहीं.

या गोष्टींत माझ्याकडे कांहीं दोष नाहीं, असें मी पुष्कळ वर्षें समजत होतों. पुढें या विषयाचा ज्यांनीं शोध केला आहे त्यांचें लिखाण वाचनांत आलें, तेव्हां माझी समजूत चुकीची होती असें मला कळून आलें. तें कसें, हें पुढें येईल.

२. भांडण आणि छळ यांतील भेद

मुलें भांडतात. विटी कोणाची, डाव कोणावर, खोखोंत कोण बाद झाला, यावरून त्यांची झोंबाझोंबी होते. दोघेही सारख्या बळाचे असतात. दोघेही मारतात, दोघेही रडतात, आणि तिसऱ्या प्रहरीं त्याच दोघांना चिंचेखालीं बसून चिंचा वांटून खातांना आपण पाहतों. हें भांडण होय. त्यांत मोठ्यांनीं फारसें पडूं नये.

छळाची गोष्ट वेगळी आहे. नॉर्वे देशांतील बर्गेन शहरीं डॅन ओल्वेउस (१९३१–२०२०) या नांवाचे एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. मुलांमधील छळाचा शास्त्रीय रीतीनें अभ्यास करणाऱ्यांत ते अग्रेसर मानले जातात. त्यांनीं छळाचीं तीन लक्षणें सांगितलीं. पहिलें, दुसऱ्याला दुखवावें असा त्यांत हेतु असतो. दुसरें, तें एकदांच घडून संपत नाहीं, पुनःपुन्हां घडतें. तिसरें, दोन्ही बाजूंचें बळ सारखें नसतें. ज्याला त्रास होतो त्याला स्वतःचा बचाव करणें जड जातें.

हें तिसरें लक्षण विशेष ध्यानांत ठेवावें. बळ केवळ मनगटाचें नसतें. एका विरुद्ध पांच असणें हें बळ आहे. बापाला गांवांत मान असणें हें बळ आहे. जात, पैसा, वय, तरतरीत बोलणें, हींही बळेंच आहेत. म्हणून अंगानें किडकिडीत असलेला मुलगाही धिप्पाड मुलाला छळूं शकतो.

छळाचे प्रकारही अनेक आहेत. हातानें होणारा छळ सर्वांस दिसतो : ढकलणें, चिमटे काढणें, डबा हिसकावून घेणें, पुस्तक विहिरींत टाकणें. जिभेनें होणारा छळ ऐकूं येतो : टोपणनांवें ठेवणें, जातीवरून अथवा आईच्या धंद्यावरून बोलणें, चालण्याची नक्कल करणें. तिसरा प्रकार दिसतही नाहीं व ऐकूंही येत नाहीं. तो म्हणजे वाळीत टाकणें. त्या मुलीला खेळांत घ्यावयाचें नाहीं, ती बाकावर येऊन बसली कीं सर्वांनीं उठून जावयाचें, ती बोलली तर ऐकूं न आल्यासारखें करावयाचें. “मारलें तर नाहीं ना?” असें विचारणाऱ्या आईला या छळाचा पत्ताच लागत नाहीं. आणि हल्लीं चौथा प्रकार मोबाईलचा आहे. पूर्वीं छळलेलें मूल घरीं आलें कीं निदान रात्रीपुरतें सुटत असे. आतां त्याचें हंसें झालेलें चित्र रात्रीं दहा वाजतांही हातोहात फिरत असतें.

३. नॉर्वे देशाची हकीकत

या विषयाकडे जगाचें लक्ष प्रथम उत्तर युरोपांतून वेधलें गेलें. स्वीडनमधील पेटर-पॉल हाइनेमान नांवाच्या डॉक्टरांनीं १९६९ सालीं या संबंधीं लिहिलें. एका मुलावर अनेक मुलें तुटून पडतात, या गोष्टीला त्यांनीं जो शब्द योजिला तो पशुपक्ष्यांच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्यांकडून घेतलेला होता. भर दिवसां घुबड बाहेर दिसलें कीं कावळ्यांचा थवा कसा त्याच्यावर धांवून जातो, हें आपण पाहिलेंच आहे. तसेंच हें, असा त्याचा भाव. पुढें ओल्वेउस यांनीं ही उपमा अर्धीच खरी आहे असें दाखवून दिलें. सगळा वर्ग कावळ्यांसारखा एकदम उठत नाहीं. बहुधा एक, दोन किंवा तीन मुलें छळ करीत असतात. इतर त्यांच्या भोंवतीं जमतात. हा भेद उपयोगाचा आहे, कारण थवा आवरणें कठीण, पण दोघातिघांशीं बोलतां येतें.

१९८२ सालाच्या अखेरीस उत्तर नॉर्वेमधील १० ते १४ वर्षें वयाच्या तीन मुलांनीं आत्महत्या केल्या. सोबत्यांनीं केलेला तीव्र छळ हें त्याचें कारण असावें, असें वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालें. साऱ्या देशाला धक्का बसला. तेथील शिक्षण खात्यानें १९८३ च्या शरद ऋतूंत देशभरच्या शाळांत या विरुद्ध मोहीम सुरू केली. तेव्हां मुलांकडून नांव न घालतां प्रश्नपत्रिका भरून घेण्यांत आल्या. सुमारें सात मुलांमागें एक मूल या प्रकारांत, छळणारें म्हणून अथवा छळलें जाणारें म्हणून, गुंतलें आहे असें दिसून आलें. बर्गेन येथील ४२ शाळांतील सुमारें २५०० मुलांवर ओल्वेउस यांनीं अडीच वर्षें लक्ष ठेविलें. मोहिमेच्या उपायांनीं छळाचें प्रमाण निम्म्यानें अथवा त्याहूनही अधिक उतरलें. शिवाय चोऱ्या, मारामाऱ्या व शाळा चुकविणें हेंही कमी झालें.

म्हणजे “मुलें आहेत, असें चालावयाचेंच” हें म्हणणें खोटें ठरलें. तें चालतें, कारण मोठीं माणसें तें चालूं देतात. ही केवळ त्या थंड देशाचीच गोष्ट आहे असें समजूं नये. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेनें २०१९ सालीं अनेक देशांतील माहिती एकत्र करून प्रसिद्ध केली. तींत जवळजवळ तीन विद्यार्थ्यांमागें एकानें आदल्या महिन्यांत आपणांस सोबत्यांकडून त्रास झाल्याचें सांगितलें आहे.

४. तीन चुकीच्या समजुती

पहिली समजूत अशी कीं, मुलाच्या अंगीं कांहीं व्यंग असतें म्हणूनच त्याला छळतात. ओल्वेउस यांनीं पाहिलें तों, जाड अंग, चष्मा अथवा केंसांचा रंग असल्या खुणा असलेलीं पुष्कळ मुलें वर्गांत सुखानें नांदत होतीं. व्यंग हें बहुतेक वेळां निमित्त असतें. छळलें जाणारें मूल सहसा भित्रें, सावध व गप्प असतें. आणि मुख्य गोष्ट ही कीं, वर्गांत त्याला एकही जिवलग सोबती नसतो. आमच्या वसतिगृहांत अडखळणारा आणखीही एक मुलगा होता. पण त्याचा थोरला भाऊ तेथेंच होता. त्याला कोणीं माठापुढें उभें केलें नाहीं.

दुसरी समजूत अशी कीं, मोठ्या शाळेंत व मोठ्या वर्गांत छळ होतो, आपल्या लहानशा गांवच्या शाळेंत होत नाहीं. नॉर्वेमध्यें शाळेच्या अथवा वर्गाच्या आकारानें फरक पडलेला आढळला नाहीं. फरक पडला तो या गोष्टीनें कीं, मधल्या सुट्टींत मुलांजवळ किती शिक्षक हजर असतात. जेथें ते अधिक, तेथें छळ कमी.

तिसरी समजूत अशी कीं, छळणारा मुलगा आंतून भित्रा असतो व तो आपली भीति लपविण्यासाठीं दांडगाई करतो. हें ऐकावयास गोड आहे, पण ओल्वेउस यांच्या शोधांत त्याला आधार मिळाला नाहीं. तशीं मुलें बहुधा निर्धास्त असतात. दुसऱ्यावर सत्ता चालविण्यांत त्यांना गोडी वाटूं लागलेली असते, आणि ती गोडी कोणीं मोडलेली नसते.

५. मुलांनीं मोठ्यांपासून शिकलेला छळ

आपल्या देशांत एक गोष्ट निराळी सांगितली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे लहानपणीं साताऱ्याच्या शाळेंत शिकत असतां त्यांस इतर मुलांत बसण्याची मोकळीक नव्हती. बसावयास गोणपाटाचा तुकडा त्यांस घरून आणावा लागे आणि तो परत घरींच न्यावा लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची परवानगी नव्हती. शिपायानें नळ सोडला तर पाणी मिळे. शिपाई नसला तर पाणी नसे. हें त्यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे.

येथें कोणा एका दांडगट मुलाचें नांव घेतां येत नाहीं. शाळेच्या रीतीनेंच तो छळ चालविला होता, आणि वर्गांतील बाकीचीं मुलें ती रीति रोज डोळ्यांनीं पाहून शिकत होतीं. २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नाहींशी केली आहे. परंतु कायदा झाला म्हणून घरांतील बोलणें थांबत नाहीं. दुपारच्या भोजनाच्या पंक्तींत एखादें मूल कोणाशेजारीं बसत नसेल, तर तें त्याच्या मनांतून उपजलेलें नाहीं. तें त्यानें चुलीपाशीं ऐकलेलें आहे.

हें वाचतांना आपण दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवूं नये. जीं कुटुंबें आज आपणांस एका मंडळींतलीं म्हणवितात, त्यांच्या ओसरीवरही “तो मूळचा कोण?” हा प्रश्न अजून विचारला जातो. शेजारच्या घरीं नुकतीच आलेली विधवा, तिचें काम, तिचीं मुलें यांविषयीं आपण जेवतांना जें बोलतों, तेंच दुसऱ्या दिवशीं शाळेच्या ओट्यावर तिच्या मुलाच्या कानीं पडतें.

६. छळणाऱ्या मुलाचें काय?

आपण छळलेल्या मुलासाठीं हळहळतों व छळणाऱ्यास शिव्या देतों. पण तोही कोणाचें तरी मूल आहे. असें मूल घडण्याचीं चार कारणें ओल्वेउस यांनीं दाखविलीं आहेत : लहानपणीं घरांत मायेचा ओलावा कमी मिळणें, दुसऱ्यास मारलें तरी मोठ्यांनीं न आवरणें, मोठ्यांनीं स्वतः मुलाला मारझोड करून वळण लावूं पाहणें, आणि मुलाचा मुळचा तापट स्वभाव. यांतील शेवटचें कारण आपल्या हातीं नाहीं; पहिलीं तीन पूर्णपणें आपल्या हातीं आहेत.

आणि त्याचें पुढें काय होतें? स्वीडनमधील ज्या मुलग्यांची सहावी ते नववी या इयत्तांत ‘छळणारे’ अशी नोंद झाली होती, त्यांच्यापैकीं सुमारें ६० टक्क्यांस २४ व्या वर्षापर्यंत निदान एकदां तरी न्यायालयांत दोषी ठरविलें गेलें. तीन अथवा अधिक वेळां दोषी ठरलेले त्यांत ३५ ते ४० टक्के निघाले. दोन्ही प्रकारांत नसलेल्या साध्या मुलांत असे सुमारें १० टक्केच होते. म्हणून दांडगाई वेळींच थांबविणें हा त्या दांडगट मुलावरही उपकारच आहे. “आमचा पोरगा वाघ आहे” असें मिशीवर ताव देऊन सांगणाऱ्या बापानें हे आंकडे एकदां वाचावे.

७. बघे

आतां माझ्या हंसण्याकडे वळूं. फिनलंड देशांतील तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनीं १९९६ सालीं असें दाखविलें कीं, वर्गांतील बहुतेक प्रत्येक मूल छळाच्या प्रसंगीं कांहीं ना कांहीं काम करीत असतें. एक छळतो. कोणी त्याला हात देतो. कोणी हंसून व गराडा घालून त्याला जोर आणतो. कोणी बाजूला होतो व पाहिलें न पाहिलें करतो. आणि कोणी थोडे छळलेल्या मुलाची बाजू घेतात. गराड्यावांचून दांडगाईला रंग भरत नाहीं. आमच्यापैकीं दहा मुलें उठून अंथरुणावर गेलीं असतीं, तर त्या तिघांना माठापुढें उभें राहण्यांत मौज वाटली नसती.

कॅनडा देशांत शाळेच्या मैदानावर मुलें खेळत असतां त्यांचें गुपचूप निरीक्षण करण्यांत आलें. त्याची हकीकत २००१ सालीं प्रसिद्ध झाली. छळाच्या शंभर प्रसंगांपैकीं ८८ प्रसंगीं इतर मुलें जवळ होतीं. परंतु शंभरांत १९ प्रसंगींच कोणी मध्यें पडलें. जेव्हां कोणी मध्यें पडलें, तेव्हां निम्म्याहून अधिक वेळां, म्हणजे शंभरांत ५७ वेळां, दहा सेकंदांच्या आंत छळ थांबला. दहा सेकंद! एक घोट पाणी पिण्यास लागतो तितका वेळ.

योसेफ व त्याचे भाऊ यांची गोष्ट तुम्हांस पाठ आहे. तींत रऊबेनाकडे पाहा. त्याला योसेफाची दया आली होती. त्यानें भावांस मारूं दिलें नाहीं. खड्ड्यांत टाका असें सुचविलें, मागाहून गुपचूप त्याला काढूं असा त्याचा बेत होता. पण सर्वांदेखत “हें वाईट आहे, सोडा त्याला” असें तो बोलला नाहीं. तो परत आला तेव्हां खड्डा रिकामा होता. मनांतली दया वेळेवर तोंडांत आली नाहीं तर ती अशी उशिरा पोहोंचते.

फिनलंडांत या शोधाच्या आधारें ‘किवा’ नांवाचा अभ्यासक्रम तयार झाला व २००९ पासून तो देशभरच्या शाळांत पसरला. त्यांत छळणाऱ्यावर जितका भर आहे, तितकाच बघ्या मुलांनीं काय करावें यावर आहे.

८. लक्षणें

छळलेलें मूल क्वचितच आपण होऊन सांगतें. त्याला लाज वाटते, आणि सांगितल्यानें त्रास वाढेल अशी भीति असते. म्हणून आईबापांनीं पुढील गोष्टींकडे डोळा ठेवावा :

रविवारीं रात्रीं अथवा सोमवारीं सकाळीं पोट दुखणें, आणि शाळेची वेळ टळली कीं तें बरें होणें.
सरळ वाट सोडून लांबच्या वाटेनें घरीं येणें.
डबा नेला असूनही भुकेनें कासावीस होऊन येणें.
वह्या फाटणें, चपला हरवणें, पैसे चोरणें अथवा सारखे मागणें.
झोपेंत दचकणें, मोठें झालेलें मूल पुन्हां अंथरूण ओलें करूं लागणें.
पूर्वीं चालत असलेला अभ्यास एकाएकीं मागें पडणें.
सणावारींही घरीं कोणी सोबती न येणें.

यांतील एखादी खूण दुसऱ्या कारणानेंही असूं शकते. पण दोनतीन एकत्र दिसल्यास मुलाला जवळ घेऊन विचारावें. “तुला कोणी मारतें का?” असें एकदम विचारूं नये. “मधल्या सुट्टींत तूं कोठें असतोस? कोणाबरोबर डबा खातोस?” असें विचारावें. उत्तर त्यांतच मिळतें.

९. काय करूं नये

“तूंही मार” असें सांगूं नये. त्याला मारतां आलें असतें तर हा प्रसंगच आला नसता. “लक्ष देऊं नकोस” असेंही सांगूं नये; ज्याच्या पाठींत कांटा आहे त्याला तो विसर म्हणण्यासारखें तें आहे. मुलाच्या देखत रागारागानें दुसऱ्याच्या दारांत भांडावयास जाऊं नये. गांवांत दोन घरांचें वैर उभें राहतें व मूल मधल्यामध्यें चिरडतें.

शिक्षकांनीं दोघांना समोरासमोर उभे करून “हात मिळवा व मिटवा” असें म्हणूं नये. भांडणांत हा उपाय चालतो; छळांत चालत नाहीं, कारण एकाच्या समोर दुसऱ्यास बोलवतच नाहीं. तसेंच छळणाऱ्याला सर्वांदेखत छडीनें झोडपूं नये. जो बळकट तो मारतो, हाच धडा त्यामुळें अधिक पक्का होतो. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें शाळेंत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक त्रास देण्यास बंदी आहे.

१०. काय करावें

आईबापांनीं प्रथम शांतपणें ऐकावें व मुलाला सांगावें, “तूं सांगितलेंस हें चांगलें केलेंस. यांत तुझी चूक नाहीं.” कोणत्या दिवशीं, कोठें, काय घडलें, जवळ कोण होतें, हें वहींत लिहून ठेवावें, लिहितां येत नसेल तर उपदेशकांकडून लिहवून घ्यावें. मोबाईलवर कांहीं आलें असल्यास तें पुसून टाकूं नये. मग ती वही घेऊन शिक्षकांस एकांतांत भेटावें.

शिक्षकांनीं छळलेल्या मुलाशीं आधीं एकट्यानें बोलावें. मग छळणाऱ्यांशीं एकेकट्यानें, एकामागून एक, त्यांना आपसांत ठरविण्यास अवधि न देतां. बोलणें थोडें व स्पष्ट असावें : “हें मला ठाऊक आहे. हें येथें चालणार नाहीं. तें आजच थांबलें पाहिजे, आणि मी पाहत राहणार आहें.” फाडलेली वही त्यानें भरून द्यावी, खेळांतील त्याचें नायकपण कांहीं दिवस काढून घ्यावें, त्याच्या आईबापांस बोलावून शांतपणें माहिती द्यावी. आठवड्यानें व पुन्हां महिन्यानें छळलेल्या मुलाला विचारावें, “आतां कसें आहे?” हा शेवटचा प्रश्न बहुतेक शाळांत राहून जातो, आणि छळ पुन्हां तेथूनच सुरू होतो.

साऱ्या वर्गासाठीं थोडे नियम मुलांकडूनच ठरवून भिंतीवर लावावे : आपण कोणास छळणार नाहीं, कोणाला छळत असतील तर त्याच्या मदतीस जाऊं, एकट्या पडलेल्यास खेळांत घेऊं, छळ दिसला तर मोठ्यांस सांगूं. चहाडी आणि मदत यांतील भेदही मुलांस शिकवावा. कोणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणें ही चहाडी. कोणी दुःखांतून सुटावा म्हणून सांगणें ही मदत. धिटाई नसलेल्या मुलानें मध्यें पडून मार खावा असें नाहीं. त्यानें हंसूं नये, गराड्यांतून निघून जावें, मोठ्यांस बोलवावें, आणि मागाहून त्या मुलाशेजारीं जाऊन डबा खावा. एक सोबती मिळाला कीं अर्धा छळ तेथेंच मोडतो.

शाळेनें न ऐकल्यास, अथवा मुलाच्या जिवाला अपाय होईल अशी भीति असल्यास, १०९८ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. लहान मुलांच्या मदतीसाठीं असलेली ही सोय १९९६ सालीं मुंबईंत सुरू झाली व पुढें देशभर पसरली. त्यास पैसे पडत नाहींत, आणि मूल स्वतःही तो करूं शकतें. मूल “मला जगावेंसें वाटत नाहीं” असें बोललें, तर तें थट्टेवारी नेऊं नये. त्याला एकटें सोडूं नये व त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें.

११. शेवटची गोष्ट

दोन वर्षांपूर्वीं एका वसतिगृहांत नवीं मुलें घेण्याच्या दिवशीं मी तेथील मंडळींबरोबर बसलों होतों. एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. त्यांनीं नांव सांगितलें, तें अडखळत. मीं त्यांस ओळखलें. त्यांनींही मला ओळखलें असावें, पण तसें दाखविलें नाहीं. इतर बाप खर्च किती, जेवण कसें, निकाल किती टक्के, असें विचारीत होते. यांनीं एकच प्रश्न विचारला : “रात्रीं मुलांजवळ कोण झोपतें?”

त्या वसतिगृहांत रात्रीं मुलांजवळ कोणीही मोठें माणूस झोपत नव्हतें. आतां झोपतें. त्या प्रश्नाचें उत्तर देण्यास आम्हांला तीस वर्षें लागलीं. तुमच्या गांवीं इतकीं लागूं नयेत, म्हणून हा धडा.

बैठकीसाठीं प्रश्न

१. भांडण व छळ यांतील तीन भेद कोणते? आपल्या गांवच्या मुलांतील प्रत्येकीं एक उदाहरण, कोणाचें नांव न घेतां, सांगा.
२. आपल्या शाळेंत मुलें मोठ्यांच्या नजरेआड असतात अशा जागा कोणत्या? तेथें आळीपाळीनें कोण उभें राहूं शकेल?
३. गेल्या आठवड्यांत आपल्या घरीं मुलांदेखत कोणत्या शेजाऱ्याविषयीं हिणवून बोलणें झालें?
४. आपलें मूल डबा कोणाबरोबर खातें, हें येथें बसलेल्या किती जणांस ठाऊक आहे? ज्यांस ठाऊक नाहीं त्यांनीं आज रात्रीं विचारावें.